ड जीवनसत्त्व ११, हिमोग्लोबिन ९.४: आधी कशाकडे बघायचं?

पत्र: मी सांगलीची, वय ५२. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. धाकट्या भावाला गेल्या वर्षी, ४६ व्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन आणि केमो झाली, आता तो बरा आहे. घाबरून मी सगळ्या तपासण्या केल्या. ड जीवनसत्त्व ११ आलं. हिमोग्लोबिन ९.४ आणि फेरिटिन ७ होतं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. ड कमी असलं की आतड्याचा कॅन्सर होतो असं वाचलं. मग ६०,००० ची कॅप्सूल आठवड्याला दोनदा कायम घेऊ का? अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, म्हणून गायनॅक डॉक्टरांनी हॉर्मोनच्या गोळ्या सुचवल्यात. त्या गोळ्यांनी आतड्याच्या कॅन्सरपासूनही बचाव होतो असं ते म्हणाले, हे खरं का? कधीतरी मूळव्याधीचं रक्त पडतं, बाकी पोटाची तक्रार नाही. आईची पिशवी पन्नाशीत कॅन्सरमुळे काढली होती. मुलगी २४ वर्षांची, शिकायला लीड्सला आहे. तिनेही ड घ्यावं का?

उत्तर:

ताई, तुम्ही विचारलंत ड आणि हॉर्मोनबद्दल, त्याची उत्तरं पुढे देतोच. पण तुम्हाला सगळ्यात आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यायची आहे, आणि तीही येत्या दोन-तीन आठवड्यांत. तुमच्या ११ या आकड्यापेक्षा ९.४ आणि ७ हे आकडे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटतात.

पाळी चालू असते तोवर लोह कमी होण्याचं कारण समोरच असतं. पाळी जाऊन दीड वर्ष झाल्यावर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ७ येतं, तेव्हा रक्त कुठून तरी जातंय किंवा लोह अंगी लागत नाहीये, असं धरूनच तपास करायचा असतो. आहार कमी पडला असेल, हे उत्तर सगळ्यात शेवटी. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचा घेर मोठा असतो आणि तिथे मळ पातळच असतो. त्यामुळे तिथली गाठ बराच काळ ना अडवते ना दुखते. थोडं थोडं रक्त पाझरत राहतं, मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसतही नाही. पोटाची तक्रार नाही, यावर म्हणूनच विसंबता येत नाही. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येईलही, पण कारण जिथल्या तिथे राहील. शिवाय या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, म्हणजे रंगावरून काही कळायची सोयही गेली. मूळव्याध तुम्हाला असेलही. मूळव्याध असणाऱ्याला आतड्यात दुसरं काही नसतं, असं मात्र नाही.

भावाचा आजार नसता तरी अशा रक्तक्षयात आम्ही दोन्ही टोकांची दुर्बीण सांगितली असती: वरून अन्ननलिका-जठराची आणि खालून मोठ्या आतड्याची. सोबत सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनने होणारा आतड्याचा आजार) आणि एच. पायलोरी (जठरातला जंतू) यांच्या तपासण्या. भावाच्या निदानामुळे हे आणखी निकडीचं झालं. सख्ख्या नात्यात कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी करायची असते. भावाच्या हिशोबाने हे वय ३६ येतं, आणि ते तुम्ही केव्हाच ओलांडलंत. त्याचं निदानच गेल्या वर्षी झालं, यात तुमची काही चूक नाही. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे घरच्यांनाच विचारून घ्यावं लागतं.

हेल्थ पॅकेजमध्ये सीईए नावाची रक्ताची तपासणी मिळते. ती नॉर्मल आली म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. ती निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला उपयोगी पडते, सुरुवातीची गाठ शोधायला नाही. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणीही धोका नसलेल्या माणसासाठी ठीक. तुमच्या बाबतीत थेट दुर्बीणच.

आता ड. शरीरात ते हॉर्मोनसारखंच वागतं. उन्हातल्या अतिनील-बी किरणांनी त्वचेत ते तयार होतं, यकृतात त्याचं साठवणीचं रूप बनतं आणि मूत्रपिंडात काम करणारं रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींनाही हे शेवटचं रूप स्वतःपुरतं बनवता येतं, आणि त्याचा निरोप घेणारा ग्राहीही त्यांच्याकडे असतो. प्रयोगशाळेत दिसतं ते असं: या निरोपाने पेशी वाढ आवरून पक्व होते, शेजारच्या पेशीला धरून राहते. आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये ‘डब्ल्यूएनटी’ नावाचा वाढीचा संदेशमार्ग बेलगाम झालेला असतो, त्यालाही तो थोडा लगाम घालतो. गाठ पुढे पुढे गेली की तिच्या पेशी ग्राही गमावतात आणि ड चा नाश करणारं विकर वाढवतात. म्हणजे तुम्ही जे वाचलंत ते हवेतलं नाही.

या विचाराची सुरुवात १९८० मध्ये झाली. सेड्रिक आणि फ्रँक गार्लंड या भावांनी अमेरिकेच्या नकाशावर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू पाहिले. ऊन कमी असलेल्या ईशान्येकडच्या भागात ते जास्त होते, उन्हाच्या नैऋत्येत कमी. त्यानंतर रक्त तपासून वर्षानुवर्षं लोकांचा मागोवा घेतला गेला. असे १७ अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये जे आकडे आले, त्यांत पातळी १२ नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांना, हाडांसाठी पुरेशी पातळी असलेल्यांपेक्षा हा कॅन्सर ३१ टक्के जास्त आढळला. पातळी वाढेल तसा धोका कमी होण्याचा कल पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त ठळक होता.

पण कमी ड असलेल्याला हा आजार जास्त होतो आणि ड दिल्याने आजार टळतो, ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्याची परीक्षा झाली आहे. अमेरिकेत २५,८७१ जणांवर ‘व्हायटल’ नावाची चाचणी झाली. अर्ध्यांना रोज २,००० युनिट ड, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळाने मोठ्या आतड्याचे कॅन्सर दोन्हीकडे सारखेच निघाले. त्याआधी पाळी गेलेल्या ३६,२८२ स्त्रियांच्या चाचणीत रोज ४०० युनिट ड आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सात वर्षं देऊनही फरक पडला नाही. ज्यांचे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे छोटे फुगवटे, काढले होते अशा २,२५९ जणांना १,००० युनिट ड दिलं, तरी नवे पॉलिप थांबले नाहीत.

कारण समजून घ्या. घरात बसून असलेला, वजन जास्त असलेला, आधीच कुठलासा आजार अंगात मुरलेला माणूस असला की त्याचं ड कमीच येतं. चरबीत ड अडकून पडतं, शरीरात दाह असला की रक्तातली पातळी उतरते. आणि याच गोष्टी आतड्याचा कॅन्सरही वाढवतात. कमी ड ही बऱ्याचदा या सगळ्याची खूण असते. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून पाच-सात वर्षांच्या चाचण्यांवरून हा विषय कायमचा मिटला असं आम्ही म्हणणार नाही. पण आज हातात असलेल्या पुराव्यावर कॅन्सर टाळायला ड घ्या, असं सांगणं बरोबर नाही.

तरीही तुमचं ११ भरून काढायचंच. हाडांसाठी, स्नायूंसाठी. पाळी गेल्यावर हाडांची झीज वेगाने होते आणि त्यात ड कमी असलं की दुहेरी मार. नेहमीची पद्धत अशी: कोलेकॅल्सिफेरॉल (ड३) ६०,००० युनिट, आठवड्यातून एकदा, ८ आठवडे. त्यानंतर महिन्यातून एकदा. महिन्याला ६०,००० म्हणजे रोजचे सरासरी २,००० युनिट पडतात, तेवढं पुरे. जेवणानंतर किंवा साईच्या दुधाबरोबर घ्या, उपाशीपोटी शोषण कमी होतं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली गेली, ही चूक दवाखान्यात पुन्हा पुन्हा दिसते. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं, मुतखडा, शेवटी मूत्रपिंडाला इजा. तुमचं आठवड्याला दोनदा, कायमचं, म्हणजे रोजचे १७,००० युनिट होतात. निरोगी माणसासाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० धरतात. हे करू नका. ८ आठवड्यांचा भरणा त्याहून जास्त असतो, पण तो थोड्या दिवसांचा आणि कमतरता असतानाचा. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर सुरू करण्याआधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा. सहा लाखांचं इंजेक्शन घ्यायला कोणी सांगितलं तर नको म्हणा. ऑस्ट्रेलियात वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, तेव्हा पडणं आणि हाडं मोडणं कमी होण्याऐवजी वाढलं.

कॅल्शियमची गोळी घेत असाल तर तिच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या अनेक गोळ्यांत कॅल्शियमबरोबर कोलेकॅल्सिफेरॉल नसून कॅल्सिट्रिऑल असतं, म्हणजे ते तयार, काम करणारं रूप. ते मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी उपयोगी आहे. त्याने तुमचा ११ चा आकडा हलणार नाही, उलट कॅप्सूलबरोबर घेतलं तर कॅल्शियम उगाच चढू शकतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासताना ‘२५-हायड्रॉक्सी’, म्हणजे साठवणीच्या रूपाची, हीच तपासणी करा. ‘१,२५’ वाली महाग असते आणि कमतरता असतानाही नॉर्मल येऊ शकते. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. चहाही लोहापासून लांब ठेवा.

आणि ऊन. कोवळं ऊन अंगावर घ्यायची आपली जुनी सवय प्रसन्न वाटायला छान आहे, पण सकाळी सातच्या उन्हात हवे ते किरण जवळपास नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं, म्हणजे साधारण अकरा ते दोनमधलं ऊन, हात आणि पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत. कातडी भाजेपर्यंत थांबू नका.

हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्हाला माहीत असायला हवं. इस्ट्रोजेनचे दोन ग्राही असतात. आतड्याच्या अस्तरात त्यांतला ‘बीटा’ प्रकार जास्त असतो. तो पेशींची वाढ आवरतो, आणि कॅन्सर पुढे जाईल तसा नाहीसा होत जातो. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पिशवी असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी अर्ध्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दिलं. मोठ्या आतड्याचे कॅन्सर गोळ्या घेणाऱ्यांत ४३ आणि न घेणाऱ्यांत ७२ निघाले. पण घेणाऱ्यांत जे निघाले ते जास्त पुढच्या टप्प्यातले होते, लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेले. पिशवी काढलेल्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तेव्हा तर फायदाच दिसला नाही. पहिल्या गटात स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, म्हणून ती चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

ड ची ती ३६,२८२ स्त्रियांची चाचणीही याच मोठ्या अभ्यासाचा भाग होती. तिचे आकडे २००८ मध्ये पुन्हा मांडून पाहिले, तेव्हा ड आणि हॉर्मोन यांचा एकमेकांशी संबंध दिसला. कॅल्शियम आणि ड चा काही फायदा दिसलाच तर तो इस्ट्रोजेन न घेणाऱ्या स्त्रियांत होता. घेणाऱ्यांत तो नव्हता, आकडे उलटीकडेच झुकत होते. हे नंतरचं विश्लेषण आहे, त्यावरून नियम काढता येत नाही. पण ड आणि हॉर्मोन दोन्ही घेतलं म्हणजे दुप्पट संरक्षण, या हिशोबाला कसलाच आधार नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

वाफा आणि झोप हा खरा त्रास आहे आणि त्यावर हॉर्मोन उत्तम काम करतं. पन्नाशीच्या सुरुवातीला, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, स्तन आणि हृदय ठीक असेल तर ते घेण्यात गैर काही नाही. ते त्रासासाठी घ्या, आतड्याच्या रक्षणासाठी नाही. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. सुरुवात मात्र दुर्बीण झाल्यावर करा, आणि त्याआधी पिशवीची सोनोग्राफी करून घ्या. पाळी गेल्यानंतर एकदा जरी डाग दिसला असेल तर तो डॉक्टरांना सांगा.

पिशवीचा उल्लेख मुद्दाम केला. आईला पन्नाशीत पिशवीचा कॅन्सर, भावाला ४६ व्या वर्षी उजव्या आतड्याचा. ही जोडी दिसली की लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यात चालणाऱ्या कॅन्सरच्या दोषाची, शंका घ्यायलाच हवी. त्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एकात जन्मतः दोष असतो आणि तो पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता निम्मी असते. तपास भावापासून सुरू होतो. त्याच्या गाठीचा ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असेल. त्याच्या रिपोर्टमध्ये एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिनांची नावं शोधा. केलेलीच नसेल तर ही तपासणी ब्लॉकवर आजही होते, नव्याने सुई टोचावी लागत नाही. यांतलं एखादं प्रथिन गायब असेल तर भावाने जनुकीय सल्लागाराला भेटावं. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा वेगळा विभाग आहे. भावात नेमका दोष सापडला की तुमची तपासणी त्या एकाच दोषापुरती करायची असते. उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट येतं.

कोलोनोस्कोपीत सगळ्यात जास्त बिघडते ती तयारी. पोट नीट साफ नसेल तर उजव्या बाजूचे चपटे पॉलिप मळाच्या थराखाली लपतात, आणि तुम्हाला तर नेमकी तीच बाजू बघायची आहे.

लोहाच्या गोळ्या ७ दिवस आधी बंद करा, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. ड ची कॅप्सूल चालेल. तीन दिवस आधीपासून पालेभाजी, सालं आणि बिया बंद: टोमॅटो, वांगं, पेरू, डाळिंब, तीळ, शेंगदाण्याचं कूट, वरून पेरलेली कोथिंबीर-खोबरंसुद्धा. मऊ भात, मुगाचं वरण, दही, ताक, रव्याचा उपमा, पाव, अंडं चालेल. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ: शहाळ्याचं पाणी, वरणाचं गाळलेलं पाणी, बिनदुधाचा चहा, लिंबू सरबत गाळून. कोकम सरबत आणि बीट नको, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर २ लिटर पाण्यात कालवून अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी सकाळी, तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून प्यायची. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. गार केलं की चव सुसह्य होते. मळमळलं तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा, सोडून देऊ नका. शेवटी लघवीसारखं पिवळसर, आरपार पाणी पडायला हवं. गढूळ पडत असेल तर तिथे पोचताच सांगा. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं ते आठवडाभर आधी विचारून ठेवा. गुंगी देतात, म्हणून सोबत कोणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी बघा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का, आणि अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो आहे का. सफाईचा बॉस्टन स्कोअर किती, तीनही भागांना किमान २ हवेत. परत येताना किमान ६ मिनिटं दिलीत का. आणि पॉलिप निघाला असेल तर आकार आणि बायोप्सीचा प्रकार. सगळं साफ असेल तरी पुढची तपासणी ५ वर्षांनी. लिंच निघालं तर वर्षा-दोन वर्षांनी.

आणखी एक हॉर्मोन आहे ज्याच्याकडे कोणी बघत नाही: इन्सुलिन. पोटावरची चरबी आणि टाइप २ मधुमेहात ते रक्तात चढलेलं राहतं आणि आतड्याच्या पेशींना वाढायला सांगत राहतं. कंबर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) मोजा. भावासाठी तर व्यायामाचा पक्का पुरावा आहे. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८८९ रुग्णांच्या चाचणीत आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते, नुसती माहिती दिलेल्या गटात ८३. म्हणून त्याच्या हाती ड ची बाटली देण्याआधी त्याला रोज पाऊण तास झपाझप चालायला बाहेर काढा.

मुलीला लीड्समध्ये रोज ४०० युनिट ड पुरे, पण ते वर्षभर घ्यावं. तिथल्या हिवाळी उन्हात ते तयारच होत नाही, म्हणून ब्रिटनमध्ये सगळ्यांनाच ऑक्टोबर ते मार्च ते घ्यायचा सल्ला देतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या दक्षिण आशियाई लोकांना वर्षभर. तिने आत्ता जनुकीय तपासणीची घाई करू नये. आधी भावाची, मग तुमची. तुमच्यात दोष सापडला तरच तिची वेळ येते, आणि तेव्हा मात्र लांबवायचं नाही, कारण लिंचमधल्या काही जनुकांसाठी कोलोनोस्कोपी २५ व्या वर्षी सुरू होते. भावाच्या बायोप्सीच्या आणि आईच्या ऑपरेशनच्या रिपोर्टचे फोटो तिला आजच पाठवून ठेवा, तिथल्या डॉक्टरांना तेच लागतील.